हाताने गुंडाळलेल्या कॉइलचा रेझोनन्स घरी मोजताना तीन वेगळे आकडे येताहेत, खरा कोणता?

मध्यमलहर

मंडळी, क्रिस्टल सेटसाठी (बॅटरीशिवाय चालणारा साधा रेडिओ) मिडियम वेव्हची कॉइल गुंडाळली आहे. शेतीच्या पाइपलाइनचा ६३ मिमी बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप, २६ गेजची इनॅमल तार, चिकटून ७० वेढे, गुंडाळीची लांबी ३५ मिमी. ३५व्या वेढ्याला टॅप (मधूनच काढलेली जोडणी) काढून तिथे १० मीटरची एरियल जोडली आहे. कॉइलला समांतर गँग कंडेन्सर (नॉब फिरवून स्टेशन लावायचा बदलता कपॅसिटर), डायोड १एन३४ए.

अडचण अशी की पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ छान लागते, खाली ५३१ पर्यंतही जाता येते, पण गँग पूर्ण उघडला तरी सेट १४०० किलोहर्ट्झच्या वर सरकत नाही. मला १६०२ पर्यंत हवे आहे. कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त झाली असेल या शंकेने गँग, एरियल, डायोड सगळे सोडवून नुसत्या कॉइलचा रेझोनन्स (ती ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जोरात प्रतिसाद देते ती) मोजायला घेतला. फंक्शन जनरेटर (२० मेगाहर्ट्झपर्यंतचा) दोन वेढ्यांच्या लूपला जोडला, लूप कॉइलजवळ ठेवला, स्कोपचा प्रोब कॉइलच्या वरच्या टोकाला आणि प्रोबची ग्राउंड क्लिप खालच्या टोकाला लावली.

प्रोबचा स्विच १० एक्सवर (सिग्नल दहावा हिस्सा करून): २.१४ मेगाहर्ट्झ.
प्रोबचा स्विच १ एक्सवर (सिग्नल जसाच्या तसा): ०.८९ मेगाहर्ट्झ.
कॉइलच्या मापांवरून, इंडक्टन्ससाठी व्हीलरच्या सूत्राने ३०६ मायक्रोहेन्री आणि स्वतःच्या कपॅसिटन्ससाठी मेडहर्स्टच्या तक्त्यातून ३.२ पिकोफॅरड धरले तर: ५.०९ मेगाहर्ट्झ.

यातला कोणता आकडा धरायचा? आणि नुसत्या स्विचने रेझोनन्स अडीचपट कसा हलतो?

प्रोबटोक

पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते तुमच्या कॉइलचे नाहीत, कॉइल अधिक प्रोबचे आहेत. हिशेब करून बघा. मेगाहर्ट्झ, मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड वापरले की सूत्र सोपे होते: कपॅसिटन्स = २५३३० भागिले (इंडक्टन्स गुणिले फ्रिक्वेन्सीचा वर्ग). २.१४ मेगाहर्ट्झला एकूण साधारण १८ पिकोफॅरड येतात. १० एक्स प्रोबच्या अंगावर बहुतेक वेळा १२ ते १८ पिकोफॅरडचा आकडा छापलेला असतो, म्हणजे कॉइलच्या वाट्याला तीन-चारच उरतात. ०.८९ ला एकूण १०५ च्या घरात येतात. १ एक्सवर केबल आणि स्कोपचा इनपुट मिळून शंभरच्या आसपास बसतातच.

मिडियम वेव्हला ट्यून केलेल्या सर्किटमध्ये १३०-१४० पिकोफॅरड असताना १ पिकोफॅरड वाढला तर फ्रिक्वेन्सी अर्धा टक्कासुद्धा हलत नाही. नुसत्या कॉइलमध्ये मुळात तीन-साडेतीनच असतात. तिथे तोच १ पिकोफॅरड फ्रिक्वेन्सी बारा-तेरा टक्क्यांनी खाली ओढतो. त्यामुळे "छोट्या कपॅसिटरमधून प्रोब जोडतो" हा उपायही इथे चालत नाही. कॉइलला काहीही टेकवायचे नाही, हाच नियम धरा.

मांडणी अशी करा. कॉइल प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा रिकाम्या खोक्यावर उभी ठेवा. लोखंडी टेबल, कपाट, स्कोपची पेटी यांपासून निदान ३० सेंमी लांब. जनरेटरच्या ५० ओहम आउटपुटला हुकअप वायरचा ७-८ सेंमी व्यासाचा दोन वेढ्यांचा लूप जोडा आणि तो कॉइलच्या एका बाजूला, अक्षाच्या रेषेत, ७-८ सेंमीवर ठेवा. दुसरा तसाच लूप कॉइलच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर, आणि स्कोपचा प्रोब या दुसऱ्या लूपला. लूपचा स्वतःचा इंडक्टन्स एक मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो, त्याच्यावर प्रोबचे १५ पिकोफॅरड बसले तरी त्यांचा रेझोनन्स ३०-४० मेगाहर्ट्झच्या पुढे जातो. आपल्या मोजमापात तो येत नाही.

जनरेटर पूर्ण व्होल्टेजवर, साइन वेव्ह. १ मेगाहर्ट्झपासून सावकाश वर या. रेझोनन्सजवळ लूपमधला सिग्नल एकदम उसळतो. उसळी अरुंद असते, नॉब भराभर फिरवला तर हुकते. ती सापडली की दोन्ही लूप आणखी ३-४ सेंमी मागे घ्या आणि पुन्हा शिखर शोधा. फ्रिक्वेन्सी बदलली तर लूप अजून कॉइलला ओढताहेत, आणखी मागे घ्या. लूप मागे घेऊनही शिखर तिथेच राहिले, फक्त उंची कमी झाली, की तो आकडा लिहून घ्या. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये जाईल, स्कोपचा ॲव्हरेज मोड लावा.

तीन फसवी शिखरे सांगून ठेवतो. एक, स्वस्त जनरेटरच्या साइनमध्ये दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला अंश) असते. रेझोनन्स ४.७ ला असेल तर जनरेटर २.३५ वर असतानाही कॉइल वाजते. स्कोपवर मोजलेली फ्रिक्वेन्सी जनरेटरच्या दुप्पट दिसली की समजायचे हे खोटे शिखर. दोन, केबल आणि लूपचे स्वतःचे शिखर. कॉइल उचलून दूर नेली तरी ते जागचे हलत नाही. तीन, हात. नॉब फिरवताना दुसरा हात कॉइलजवळ असेल तर आकडा खाली सरकतो. वाचन घेताना अर्धा मीटर मागे या.

शिखर मिळाले की क्यू (शिखर किती अरुंद, म्हणजे तोटा किती कमी, याचा आकडा) पण लगेच काढून घ्या, वेगळी मांडणी लागत नाही. शिखराच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज ०.७०७ पट होते त्या दोन फ्रिक्वेन्सी लिहा. मधल्या फ्रिक्वेन्सीला त्यांच्या फरकाने भागले की क्यू. ४.७ मेगाहर्ट्झला फरक ३० किलोहर्ट्झ भरला तर क्यू १५५ च्या पुढे. ही मापेही लूप लांब असतानाच घ्यायची. जवळ असले तर ५० ओहमचा भार कॉइलवर पडतो आणि क्यू निम्म्यावर येऊ शकतो.

स्वीप१०१

नॅनोव्हीएनए (फ्रिक्वेन्सी आपोआप फिरवून प्रतिसादाचा आलेख दाखवणारे छोटे यंत्र) असेल तर हेच काम जास्त आरामात होते. एकच लूप पोर्ट शून्यला लावा, एस११ (परत येणारा सिग्नल) बघा. लूप कॉइलजवळ नेला की रेझोनन्सच्या जागी खाच पडते. एस२१ (एका पोर्टकडून दुसऱ्याकडे पोचणारा सिग्नल) हवा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे दोन लूप. नुसती फ्रिक्वेन्सी शोधायची असेल तर कॅलिब्रेशन नसले तरी चालते, खाचेची जागा त्याने बदलत नाही.

"माझ्या नॅनोवर काहीच दिसत नाही" अशी तक्रार जवळपास प्रत्येक वेळी एकाच कारणाने येते. जुन्या छोट्या मॉडेलमध्ये स्वीपला १०१ बिंदू असतात. १ ते ३० मेगाहर्ट्झ असा स्वीप लावला तर दोन बिंदूंमधले अंतर २९० किलोहर्ट्झ. तुमच्या कॉइलची खाच जेमतेम ३० किलोहर्ट्झ रुंद असणार, ती दोन बिंदूंच्या मधून अलगद निसटते. म्हणून १ मेगाहर्ट्झचे तुकडे करून स्वीप करा, म्हणजे पायरी १० किलोहर्ट्झची होते. एच४ मॉडेलवर ४०१ बिंदू घेता येतात. संगणकावर नॅनोव्हीएनए-सेव्हर चालवले तर ते तुकडे आपोआप जोडते.

कॉइल थेट दोन पोर्टांच्या मध्ये लावूनही मोजता येते, एस२१ मध्ये खोल खाच दिसते. पण त्यात दोन्ही टोकांना ५० ओहम आणि कनेक्टरची कपॅसिटन्स येते. छोट्या चोकसाठी ठीक, एवढ्या मोठ्या कॉइलसाठी लूपच घ्या.

दोनकपॅसिटर

तुमचा मूळ प्रश्न १६०२ पर्यंत का पोचत नाही हा आहे. त्यासाठी नुसत्या कॉइलच्या रेझोनन्सपेक्षा खरा इंडक्टन्स आणि खरी अंगभूत कपॅसिटन्स हे दोन आकडे जास्त उपयोगाचे. दोन माहीत असलेले कपॅसिटर घेऊन दोन्ही एकदम निघतात, आणि सगळे मोजमाप मिडियम वेव्हच्या आसपासच होते.

आधी ४७ पिकोफॅरड कॉइलच्या दोन टोकांना डकवा, प्रोबटोक यांच्या पद्धतीने लूप लांब ठेवून रेझोनन्स मोजा. मग तो काढून २२० पिकोफॅरड लावा, पुन्हा मोजा. दोन्ही फ्रिक्वेन्सींचा वर्ग करा.

अंगभूत कपॅसिटन्स = (मोठा कपॅसिटर × त्याच्या फ्रिक्वेन्सीचा वर्ग − छोटा कपॅसिटर × त्याच्या फ्रिक्वेन्सीचा वर्ग) ÷ (दोन वर्गांमधला फरक)

ती मिळाली की इंडक्टन्स = २५३३० ÷ (फ्रिक्वेन्सीचा वर्ग × एकूण कपॅसिटन्स). जमल्यास १०० आणि ३३० घेऊन आणखी दोन मापे घ्या आणि आलेखाच्या कागदावर आडवी कपॅसिटन्स, उभी "एक भागिले फ्रिक्वेन्सीचा वर्ग" मांडा. बिंदू सरळ रेषेत बसले पाहिजेत. एखादा बिंदू बाजूला पडला तर तो कपॅसिटर संशयित.

आता घोळ कुठे होतो ते. कपॅसिटरवर २२० छापलेले आहे म्हणून तो २२० धरू नका. ५ टक्क्यांच्या कपॅसिटरमध्ये ११ पिकोफॅरडची चूक बसते आणि आपण शोधतोय ती अंगभूत कपॅसिटन्सच पाच-सहाची आहे. खरी ६ असताना कपॅसिटर ५ टक्क्यांनी कमी निघाला तर उत्तर ९.६ येते, ५ टक्क्यांनी जास्त निघाला तर २.८. दोन्ही पटण्यासारखे वाटतात, तेच धोक्याचे. म्हणून सिल्व्हर मायका, पॉलिस्टायरीन किंवा एनपी० (तापमानाने न हलणारे) सिरॅमिक घ्यायचे आणि चांगल्या एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणारा) प्रत्येकाची खरी किंमत लिहून तीच सूत्रात घालायची. साधे तपकिरी डिस्क सिरॅमिक नकोत, ते तापमानाने हलतात आणि क्यूही खातात. मगरी क्लिपा वापरू नका, जोडी लावली की १-२ पिकोफॅरड सहज वाढतात. पाय ५ मिमी ठेवून डाग द्या.

बाजारात मिळणाऱ्या सगळ्या-घटकांच्या-टेस्टरवर कॉइल लावून आकडा घ्यायचा मोह टाळा. १ किलोहर्ट्झला ३०० मायक्रोहेन्रीची रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा विरोध) १.९ ओहमच असते, आणि तुमच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स जवळपास दीड ओहम. त्या दोघांना वेगळे करणे त्या टेस्टरला नीट जमत नाही.

वेढेदार

वरचे सगळे पटले, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली: कॉइलचे खालचे टोक अर्थला जोडलेले आहे की मोकळे? हे ठरवल्याशिवाय "कॉइलची रेझोनंट फ्रिक्वेन्सी" असा एकच आकडा नसतोच.

एक टोक अर्थ केले की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज सर्वात जास्त आणि अर्थच्या टोकाला करंट सर्वात जास्त, म्हणजे पाव तरंगलांबीची अवस्था. मेडहर्स्ट यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेली कपॅसिटन्स याच अवस्थेसाठी आहे. दोन्ही टोके मोकळी ठेवली तर करंट मधोमध जास्त आणि व्होल्टेज दोन्ही टोकांना, म्हणजे अर्धी तरंगलांबी. तुमची तार १४ मीटर आहे (७० वेढे, सरासरी व्यास ६३.५ मिमी). १४ मीटर ही अर्धी तरंगलांबी धरली तर १०.७ मेगाहर्ट्झ, पाव धरली तर ५.३५. प्रत्यक्षात पीव्हीसी आणि इनॅमलमुळे दोन्ही थोडे खाली येतील. तेव्हा कॉइल स्टुलावर मोकळी ठेवून मोजली आणि १० च्या आसपास शिखर आले तर मोजमाप चुकले असे समजू नका. खालचे टोक जाड वायरने जनरेटरच्या ग्राउंडला जोडा, ५ च्या जरा खाली दुसरे शिखर मिळेल. क्रिस्टल सेटमध्ये खालचे टोक अर्थलाच असते, त्यामुळे तुमच्या कामाचे हेच.

आणखी वर गेलात तर पुढची शिखरेही दिसतील. एक टोक अर्थ असलेल्या कॉइलला ती बरोबर तिप्पट, पाचपट यायला हवीत असे पुस्तकी गणित सांगते, पण ती नेहमी त्याच्या खालीच येतात. कॉइलमधून लाट जाते तो वेग फ्रिक्वेन्सीबरोबर कमी होतो, कारण वेढे एकमेकांशी जोडलेले आहेत. नुसती सरळ तार असती तर असे झाले नसते.

लोकांचा एक समज आहे की कॉइलची कपॅसिटन्स म्हणजे शेजारच्या दोन वेढ्यांमधली कपॅसिटन्स, म्हणून ते वेढे सुटे गुंडाळतात. ७० वेढ्यांच्या त्या छोट्या कपॅसिटन्स एकामागून एक सीरिजमध्ये येतात आणि एकूण फार कमी उरते. मेडहर्स्टच्या तक्त्यात बघा, आकडा मुख्यतः व्यासावर अवलंबून आहे. सुटे गुंडाळल्याने क्यू वाढतो, कारण शेजारच्या वेढ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने तारेतला करंट एका बाजूला ढकलला जाणे कमी होते. कपॅसिटन्ससाठी त्याचा फायदा नगण्य.

क्यू कमी आला तर पाइपकडे बघा. पीव्हीसीत रेडिओ फ्रिक्वेन्सीला तोटा बराच होतो, पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टायरीन कितीतरी बरे. पुठ्ठ्याची नळी कोकणात पावसाळ्यात वापरायचीच नाही. ती हवेतला ओलावा पिते, शिखर रुंद आणि बुटके होते. वाळवून, शेलॅकचा हात देऊनच पुठ्ठा घ्या. वार्निश ओले असताना मोजू नका, पूर्ण वाळल्यावरच आकडा स्थिर होतो.

मध्यमलहर

सगळ्यांचे आभार. नवीन मापे अशी आहेत.

लूप दोन्ही बाजूंना १२ सेंमीवर, काहीही न टेकवता, खालचे टोक अर्थ: ४.७१ मेगाहर्ट्झ. दोन्ही टोके मोकळी: ९.८. जनरेटर २.३५ वर असताना एक छोटी उसळी दिसली, स्कोपवर ४.७ वाचले, म्हणजे हार्मोनिकच.

एलसीआर मीटरवर तपासलेले कपॅसिटर लावून: ४७.० ला १.२६६४ मेगाहर्ट्झ, २२०.० ला ०.६१३३. यातून २९८ मायक्रोहेन्री आणि ६.० पिकोफॅरड येतात. पण ४.७१ वरून काढले तर ३.८ पिकोफॅरड. हा फरक कशाचा? गँग पूर्ण उघडून, नुसता, मीटरवर १६ पिकोफॅरड दाखवतो. मग १४०० लाच का अडतो?

दोनकपॅसिटर

फरक बरोबर दिशेला आहे. दोन कपॅसिटरच्या पद्धतीत कपॅसिटरचे पाय, डाग दिलेली टोके, त्यांच्यापर्यंत आणलेली तार हे सगळे त्या सहामध्ये मोजले जाते. शिवाय कपॅसिटर लावल्यावर करंट सगळ्या वेढ्यांत जवळपास सारखा वाहतो, नुसत्या कॉइलच्या रेझोनन्सला तसा वाहत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत जुळतच नाहीत. ट्यूनिंगच्या हिशेबाला ६ घ्या.

प्रोबटोक

आता जमाखर्च मांडू. २९८ मायक्रोहेन्रीवर १६०२ किलोहर्ट्झ हवे तर एकूण ३३ पिकोफॅरड चालतात. तुम्ही १४०० ला अडता म्हणजे एकूण ४३ आहेत. गँग १६ आणि कॉइल ६ मिळून २२. एवढेच असते तर सेट १.९६ मेगाहर्ट्झपर्यंत गेला असता. उरलेले २१ पिकोफॅरड बाहेरून आले आहेत, कॉइल निर्दोष आहे.

त्यातला मोठा वाटा एरियलचा. जमिनीपासून काही मीटर वर बांधलेल्या तारेची कपॅसिटन्स मीटरमागे ५-६ पिकोफॅरड धरतात, १० मीटरला साठच्या आसपास. ती ३५व्या वेढ्याला, म्हणजे कॉइलच्या निम्म्यावर जोडली की वरच्या टोकाला तिचा चौथा हिस्सा दिसतो: १५ पिकोफॅरड. टॅपच्या वेढ्यांचे एकूण वेढ्यांशी जे प्रमाण, त्याचा वर्ग. हाच टॅप अर्थच्या टोकापासून २०व्या वेढ्यावर आणला तर साठाचे ५ होतात. दहा वाचले, आणि तुम्हाला नेमके दहाच कमी करायचे होते. हवेतल्या कॉइलमध्ये वेढ्यांचे जोडणे शंभर टक्के नसते, म्हणून १८, २०, २२, २५ अशा चार ठिकाणी इनॅमल खरवडून टॅप काढा आणि बघून ठरवा. टॅप खाली नेल्याने पुण्याचा आवाज थोडा कमी होईल, पण शेजारची स्टेशने जास्त चांगली वेगळी होतील.

वेढेदार

आणि गँगच्या वर पितळी स्क्रूचे छोटे ट्रिमर आहेत का बघा. मीटरवर १६ मोजलेत तेव्हा कॉइलकडे जाणारा सेक्शन मोजला होता की दुसरा, तेही तपासा. ट्रिमर आवळलेला असेल तर एकट्याचे दहा-बारा पिकोफॅरड असतात. स्क्रू पूर्ण सैल करून वरची पत्ती उचलली जाते का ते पाहा. गँगचा फिरणारा भाग (शाफ्ट आणि चौकट) अर्थच्या बाजूला आणि स्थिर पत्र्यांचा सेक्शन कॉइलच्या वरच्या टोकाला, हे उलटे असेल तर नॉबला हात लावला की ट्यूनिंग सरकते. डायोडपर्यंतची वायर पाइपला चिकटवून नेलेली असेल तर तीही सुटी करा. हे झाल्यावर एरियल काढून एकदा आणि लावून एकदा, वरच्या टोकाची फ्रिक्वेन्सी लांबच्या लूपने मोजा. २५३३० च्या सूत्रात दोन्ही आकडे घातले की त्यांच्यातला फरक म्हणजे एरियलचा खरा वाटा.